घरात मुलं आणि टीपॉयवर मासिक: उघड्यावाघड्या फोटोंवरून नवरा-बायकोत होणाऱ्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकांशी बोलायला जाते तिथे हे प्रश्न हमखास येतात. सगळ्यांसमोर नाही, बैठक संपल्यावर, चपला घालता घालता, "आमच्या ओळखीत एकांकडे असं आहे" अशी सुरुवात करून. विचारणारी कधी बायको असते, कधी नवरा. फिल्मी मासिकं, फॅशनची मासिकं, पुरुषांसाठी म्हणून निघणारी मासिकं, पेपरच्या रंगीत पुरवण्या, स्विमसूटची कॅलेंडरं, वाद यांपैकी कशावरूनही पेटतो. मुलांशी बोलायचे शब्दही जमेल तिथे दिले आहेत, कारण ऐन वेळी नेमके तेच सुचत नाहीत.

मासिकातला एक फोटो. त्यावरून घरात महाभारत कशाला?

कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. एकाला वाटतं, मुलं हे बघून काय शिकतील? दुसऱ्याला वाटतं, दिवसभर राबून आल्यावर माझ्याच घरात मला एवढीही मोकळीक नाही का? दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि फोटोवर कितीही वाद घातला तरी दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही.

मुलांबद्दल मात्र एक सांगून ठेवते. मासिक खसकन ओढून घेणारा हात, चढलेला आवाज, मग दोन दिवस "बाबांना सांग जेवायला वाढलंय" असा मुलांकरवी चाललेला निरोप, हे पाच वर्षांच्या मुलाच्या लक्षात फोटोपेक्षा जास्त राहतं. त्या पानावर काहीतरी भयंकर आहे, एवढं त्याला कळतं. काय भयंकर आहे ते कुणी सांगत नाही. मग ते पान तो पुन्हा शोधतो.

आधी हे सांगा, कुठला फोटो चालण्यासारखा आणि कुठला नाही?

याचा निवाडा घरात करायला बसूच नका. कोर्टांनाही तो करताना वर्षानुवर्षं गेली आहेत.

टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची तेव्हाची वाग्दत्त वधू बार्बरा फेल्टस यांचा एक नग्न फोटो जर्मन मासिकात आला होता. बेकर गोरा, ती सावळी. वर्णद्वेषाला उत्तर म्हणून तो फोटो होता. 1993 मध्ये तो कोलकात्याच्या 'स्पोर्ट्सवर्ल्ड'ने आणि 'आनंदबाजार पत्रिके'ने छापला. एका वकिलाने तक्रार केली, आणि तो फोटो अश्लील नाही हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं 2014 मध्ये. आपल्या मुंबईतलं उदाहरण तर अनेकांना आठवत असेल. 1995 मध्ये मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांची बुटांची जाहिरात आली. अंगावर कपडे नाहीत, पायांत बूट आणि भोवती अजगर. गुन्हा दाखल झाला आणि सुटका व्हायला 2009 उजाडलं. त्याच्याही आधी चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर खटला झाला होता. कथा 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकातली. खालच्या कोर्टांनी दोषी ठरवलं आणि 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं.

तीच कथा, तोच फोटो, आणि शिकलेसवरलेले न्यायाधीश उलटसुलट निष्कर्षांवर येतात. मुळात मोजायची पट्टीच बदलत गेली. 1964 मध्ये आपलं सुप्रीम कोर्ट जी कसोटी लावत होतं ती 1868 च्या एका इंग्लिश खटल्यातली होती: कच्च्या मनाच्या माणसाच्या हाती हे पडलं तर तो बिघडेल का? 2014 मध्ये कोर्टाने ती बाजूला ठेवली. फोटो संपूर्ण संदर्भासकट पाहायचा आणि आजच्या समाजाच्या नजरेने पाहायचा, असं ठरवलं.

नवरा-बायकोच्या पट्ट्याही वेगवेगळ्या असतात. एकीच्या माहेरी टीव्हीवर चुंबनाचा प्रसंग आला की आजोबा पाणी प्यायला उठायचे. दुसऱ्याच्या घरी 'स्टारडस्ट' जेवणाच्या टेबलावर पडलेलं असायचं आणि सगळे मिळून वाचायचे. दोघंही चांगल्या घरातली. त्यामुळे "हा फोटो अश्लील आहे की नाही" यावर मतैक्य होईल ही आशा सोडा. "हा फोटो या घरात कुठे असावा" यावर मात्र होऊ शकतं, आणि तेवढं पुरतं.

म्हणजे नेमका नियम काय करायचा?

मी जोडप्यांना एकच नियम सुचवते. हॉल सगळ्यांचा. तिथे जे पडलेलं असेल, टांगलेलं असेल, चालू असेल, ते घरातल्या सगळ्यात लहान माणसाला आणि सगळ्यात संकोची माणसाला निवांत बसता येईल असं असावं. ज्या वस्तूमुळे घरातलं एखादं माणूस हॉलमध्ये यायचं टाळतं, ती वस्तू कितीही कलात्मक असली तरी हॉलमधली नव्हे.

आणि याच नियमाची दुसरी बाजू: मोठ्या माणसाचा खासगी कप्पा त्याचा. तिथे दुसऱ्याने झडती घ्यायची नाही. पहिली बाजू ज्याला आवडते त्याला दुसरी जड जाते, म्हणून दोन्ही एकदमच मान्य करून घ्या. नाहीतर मासिक हॉलमधून कपाटात जातं आणि भांडणही त्याच्या मागोमाग कपाटात जातं.

यात कुणी हरत नाही. "तुझे फोटो घाणेरडे आहेत" असं कबूल करवून घ्यायचं नसतं, आणि "तू काकूबाई आहेस" हेही ऐकून घ्यायचं नसतं. एक वस्तू टीपॉयवरून उचलून कपाटात ठेवायची असते, एवढंच.

आमचं घर वन रूम किचन. खासगी कप्पा कुठून आणू?

कुलूप लागणारी एक बॅग, किंवा कपाटाचा वरचा खण. गादीखाली आणि दिवाणात ठेवू नका. मुलं लपाछपी तिथेच खेळतात. माळ्यावर टाकलेलं दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यांसमोर खाली येतं. आणि बाथरूममध्येही नको.

खरं सांगू? मुलांचं निमित्त आहे. मलाच ते फोटो सहन होत नाहीत.

हे जिने पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवलं तिचं मला कौतुक वाटलं होतं. बऱ्याच घरांत खरा मुद्दा हाच असतो. बाळंतपणानंतर अंग बदललेलं असतं, पोटावर टाक्यांचा वण असतो, सकाळच्या डब्यांच्या घाईत आरशात धड बघायलाही होत नाही. आणि सोफ्यावर नवरा पानं उलटत बसलेला. तो काही बोलत नाही, तुलनाही करत नसेल. पण तिच्या मनात तुलना झालेली असते. हे "मला वाईट वाटतं" असं सांगणं कमीपणाचं वाटतं, म्हणून मग मुलं पुढे केली जातात. नवऱ्याला त्यातला खोटेपणा जाणवतो, तो मुलांच्या मुद्द्यावर वाद घालून जिंकतो, आणि ती आणखी एकटी पडते.

म्हणून स्वतःच्या नावाने बोला. "मुलांचं राहू दे. तू ते बघत असतोस तेव्हा मला माझ्या शरीराची लाज वाटते, आणि ती मला वाटायला नको आहे." हे वाक्य अवघड आहे, पण त्याच्यावर वाद घालता येत नाही. ऐकणाऱ्याला माझी कळकळीची विनंती आहे, तेव्हा "अगं फोटोच तर आहे" असं म्हणू नका. तुमच्यासाठी तो फोटोच आहे, हे तिला ठाऊक आहे. ती फोटोबद्दल बोलतच नाहीये.

नवऱ्याने त्यानंतर मासिक घेणं बंदच करावं का? ते दोघांनी ठरवायचं. काही जण सहज सोडतात, काही म्हणतात मी तुझ्यासमोर बघणार नाही. मला विचाराल तर, जिच्याबरोबर आयुष्य काढायचं तिला एखादी गोष्ट इतकी लागत असेल, तर ती सोडून देण्यात माणसाचं फार काही जात नाही. पण हे मनापासून झालं तरच टिकतं, दटावून होत नाही.

बायकोने माझी मासिकं न विचारता रद्दीत घातली. मी चिडलो तर माझंच चुकलं म्हणते.

तिने विचारायला हवं होतं. दुसऱ्याची वस्तू परस्पर रद्दीवाल्याला देणं हा मुलांच्या भल्याचा मार्ग नाही, आणि मुलं तेही बघत असतात. पण त्याआधी काय काय झालं होतं तेही आठवून बघा. तिने किती वेळा सांगितलं होतं? तुम्ही "हो, उचलतो" म्हणून कितीदा कानाडोळा केला होता? रद्दीपर्यंत वेळ सहसा एका दिवसात येत नाही.

आमच्याकडे उलटं आहे. फॅशनची मासिकं बायको आणते आणि खटकतं मला.

नियम तोच. मासिक कुणाचं आहे त्याने फरक पडत नाही. फक्त एक तपासून बघा: तुम्हाला खटकतंय ते मुलांसमोरचं उघडं पान, की बायकोने असं काही वाचणं? दुसरं असेल तर तो तिच्या वाचण्यावरचा पहारा झाला, आणि तो सोडावा लागेल. व्यायामाच्या मासिकांवरचे उघडे पुरुष चालतात आणि साडीच्या जाहिरातीतली पाठ खटकते, असंही घरोघरी दिसतं.

मुलाने किंवा मुलीने पाहिलंच. आता काय?

घाबरू नका. हे फार घरांत होतं, आणि बऱ्याचदा अगदी साध्या वाटेने होतं. शाळेतून सांगितलेलं असतं, "वाहनांची चित्रं कापून वहीत चिकटवा." रविवारी दुपारी पोर जुन्या मासिकांचा गठ्ठा, कात्री आणि फेविकॉल घेऊन फरशीवर पसरतं. गाडीची जाहिरात शोधता शोधता मधलं पान उघडतं. कात्री थांबते. एक मूल आईकडे बघतं, एक मूल पान झटकन उलटतं, आणि एक मूल ती बाई व्यवस्थित कापून मोटारीच्या शेजारी चिकटवतं, कारण ती मोटारीवर बसलेली असते. या तिसऱ्या मुलाची वही शाळेत गेली की घरात खरा गोंधळ होतो, आणि मुलाला आपलं काय चुकलं ते कळतच नाही.

वयाप्रमाणे बोलणं बदलतं.

सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना त्यात लैंगिक असं काही दिसत नाही. "हिने कपडे का नाही घातले?" हा प्रश्न "हत्तीला सोंड का?" इतक्याच सरळपणे विचारलेला असतो. उत्तरही तितकंच सरळ द्या. "फोटो काढण्यासाठी तिने तसे कपडे घातलेत. आपण आपलं अंग झाकून ठेवतो, ते आपलं खासगी असतं." मग गाडीचं चित्र शोधायला मदत करा. त्याच ओघात एक गोष्ट नक्की सांगा: "तुझं अंग असं कुणी बघायला किंवा फोटो काढायला मागितलं तर नाही म्हणायचं आणि मला येऊन सांगायचं. मी रागावणार नाही."

आठ ते दहाच्या मुलांना त्यात काहीतरी आहे हे कळलेलं असतं. ती खिदळतात, एकमेकांना दाखवतात, लपवतात. इथे आपली जुनी पद्धत म्हणजे अळीमिळी गुपचिळी. ती मोडायला हवी. "पाहिलंस का? काय वाटलं?" एवढं विचारा आणि थांबा. उत्तर आलं नाही तरी चालेल. "मोठ्यांसाठी काढलेले फोटो असतात, ते तुझ्यासाठी नाहीत. पण पाहिलंस म्हणून तू वाईट ठरत नाहीस." शेवटचं वाक्य गाळू नका.

वयात येताना बोलणं आणखी वेगळं होतं. मुलींमध्ये हे बदल साधारण 8 ते 13 या वयात आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात सुरू होतात, म्हणजे आपण समजतो त्यापेक्षा बरेच लवकर. या वयातलं मूल फोटो शोधून बघतं, आणि तसं बघणं हा आजार नाही. त्याच्या दप्तरात पान सापडलं तर आजी-आजोबांसमोर पंचनामा करू नका. एकट्याला गाठा, शक्यतो काहीतरी काम करता करता, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही. शरीराबद्दलचं कुतूहल ठीक आहे असं सांगा. मग पुढचं बोला: फोटोतली बाई ही माणूस आहे, तो फोटो काढणं हे तिचं काम होतं. वर्गातली मुलगी तसा फोटो नाही. तिच्याकडे तसं बघितलेलं तिला कळतं आणि ते तिला नको असतं.

हे बोलणं शाळेवर सोडून चालत नाही. शाळांमधला पौगंडावस्था शिक्षणाचा कार्यक्रम 2007 मध्ये वादानंतर महाराष्ट्रात थांबवला गेला होता. आपल्याकडे लैंगिक विषयावर उत्तर देणाऱ्यांना फार सोसावं लागलं आहे. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत होते. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं, तरी 1934 च्या खटल्यात बोट ठेवलं गेलं ते वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. चित्रापेक्षा उत्तराची भीती आपल्याला जास्त वाटते, आणि ती भीती अजून घराघरांत आहे. मुलांना चित्र दिसतंच. त्यांना मिळत नाही ते उत्तर.

"हे बाबांचं आहे का?" असं मुलीने विचारलं. मी काय सांगू?

"हो, बाबांचं आहे, मोठ्यांचं आहे, बाहेर राहिलं." खोटं बोलू नका, आणि बाबांना मुलीच्या नजरेतून उतरवूही नका. "विचार तुझ्या बाबांनाच!" हे तर मुळीच म्हणू नका. तुमच्या दोघांच्या भांडणात तिला साक्षीदार म्हणून उभं करण्यासारखं आहे ते. संध्याकाळी बाबांनी स्वतःहून तिला दोन वाक्यं सांगितली तर उत्तम: "माझं मासिक बाहेर राहिलं, मी ते ठेवून द्यायला हवं होतं. तुला काही विचारायचंय का?" जे बाबा हे करू शकतात त्यांच्याकडे मुली पुढेही मोकळेपणाने प्रश्न घेऊन येतात.

मुलीवर याचा वेगळा परिणाम होतो का?

होतो, आणि मला जास्त काळजी याचीच वाटते. मुलगा फोटो बघतो तेव्हा "हे असं दिसतं" असं समजतो. मुलगी बघते तेव्हा "मी असं दिसायला हवं" असं समजते. यासाठी फोटो उघडाच असावा लागत नाही; गोरेपणाच्या क्रीमची जाहिरातही तेच करते.

तिच्याशेजारी बसून एक फोटो नीट बघा. कातडीवर एकही रोमरंध्र नाही, काखेत सुरकुती नाही, कमरेची रेघ जिथे वळायला नको तिथे वळली आहे. हे संगणकावर केलेलं असतं हे दाखवून द्या. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून छापलेल्या जाहिरातीवर 'फेरफार केलेलं छायाचित्र' असं लिहावं लागतं. नॉर्वेने 2022 पासून तसाच नियम केला. आपल्या मासिकांवर असं काही लिहिलेलं नसतं, तेव्हा ते काम घरातल्या मोठ्यांचं. आणि जेवताना "आता जरा बारीक हो हं" असं म्हणणाऱ्या आत्या-मावशांना वेळीच आवरा. त्या एका वाक्याने फोटोपेक्षा जास्त नुकसान होतं.

पेपरच्या पुरवणीतच असे फोटो येतात. पेपर बंद करू का?

पेपर चालू ठेवा, पुरवणी बाजूला काढा. हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आला आहे. लहान मुलांच्या हाती पेपर पडतो, तेव्हा त्यातल्या अशा फोटोंना आळा घाला, अशी याचिका दोन मोठ्या इंग्रजी दैनिकांच्या संदर्भात झाली होती. डिसेंबर 2006 मध्ये कोर्टाने सरसकट बंदी घालायला नकार दिला. मुलांना योग्य तेवढंच मोठ्यांनी वाचावं असं करता येणार नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. घरालाही तो लागू पडतो. सकाळी पेपर पहिल्यांदा उघडणाऱ्याने पुरवणी आपल्या खोलीत न्यावी, एवढं ठरवलं तर निम्मे वाद मिटतात.

मग अजिंठ्याचं पुस्तक, देवळांवरची शिल्पं, चित्रकलेची पुस्तकं यांचं काय?

ती कपाटात कोंडू नका. गडचिरोलीतल्या मार्कंडा मंदिराला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. तिथे लोक मुलाबाळांसकट यात्रेला जातात, भिंतीवर मिथुनशिल्पं असतात, आणि कुणाचं काही बिघडत नाही. कायद्यातही प्राचीन स्मारकं, मंदिरं आणि कला, साहित्य, विज्ञान यांच्यासाठी केलेलं काम अश्लीलतेच्या कलमातून वगळलेलं आहे. मुलांनी नग्न शरीर पाहूच नये असा माझा आग्रह नाही. उलट कधी तरी एखादं चांगलं शिल्प, एखादं जुनं चित्र आई-वडिलांसोबत पाहिलेलं असलं, तर शरीर म्हणजे फक्त विकायची वस्तू नाही हे न सांगता कळतं. फक्त हा मुद्दा पुढे करून स्विमसूटचं कॅलेंडर हॉलमध्ये टांगू नका. किंगफिशरचं असं कॅलेंडर 2003 मध्ये सुरू झालं तेव्हापासून ऑफिसांतून भेट म्हणून ते घरी येत आलं, आणि "फोटोग्राफी बघ ना" हे वाक्य त्याच्यासोबत आलं. फोटोग्राफी चांगली असेलही. ती खोलीत लावा.

सासूबाई सोबत राहतात. त्यांना कळलं तर?

हा वाद त्यांच्या कोर्टात नेऊ नका. "आई, बघा तुमचा मुलगा काय वाचतो" म्हणून तुम्ही एक दिवस जिंकाल, पण नवरा तुमच्याशी या विषयावर पुन्हा कधी खरं बोलणार नाही. त्यांनी स्वतःहून पाहिलं आणि बोलल्या, तर उत्तर मुलाने द्यायचं, सुनेने नाही.

आता मोबाइलवर सगळंच दिसतं. मासिकाचं काय घेऊन बसलात?

मासिक दिसतं म्हणून त्यावर भांडण तरी होतं. मोबाइलवर वर्षानुवर्षं काही चाललेलं असतं आणि घरात कुणी चकार शब्द काढत नाही. मासिकावरून हॉलचा आणि कप्प्याचा नियम एकदा ठरला की तोच मोबाइलला लावता येतो. मोठ्यांचा फोन मुलांच्या हाती द्यायचा तर वेगळं प्रोफाइल करून. टीव्हीला फोन जोडायचा तर आधी काय उघडं आहे ते बघून. वायफायचं बटण रात्री ठरलेल्या वेळी बंद. मोठ्यांनीही. बाबांचा फोन जेवताना पालथा ठेवलेला असतो हे मुलांना आपल्यापेक्षा आधी दिसतं.

आम्ही परदेशात राहतो. इथे दुकानातच समोर असतं, घरात काय लपवणार?

तिथल्या पालकांनीही हाच वाद घातला आहे, आणि तोडगा बऱ्याचदा जागेवरच निघाला आहे. अमेरिकेत 2018 मध्ये वॉलमार्टने 'कॉस्मोपॉलिटन' पैसे भरायच्या रांगेतून काढलं; विकणं मात्र थांबवलं नाही, मासिक दुसऱ्या रॅकवर गेलं. इंग्लंडमध्ये 'द सन' या रोजच्या पेपरात 1970 पासून तिसऱ्या पानावर उघड्या छातीच्या मुलीचा फोटो असायचा. घरात नाश्त्याच्या टेबलावर येणाऱ्या पेपरात हे का, असा प्रश्न बायकांनी लावून धरला. 2012 मध्ये मोहीम सुरू झाली आणि 2015 मध्ये छापील पेपरातून ते फोटो गेले. लीड्सला किंवा न्यू जर्सीला राहून मूल घराबाहेर काय बघतं यावर तुमचा ताबा नाही, घरातल्या हॉलवर आहे. तिथे वाढणाऱ्या मुलांना "आपल्यात असं नसतं" एवढंच सांगून भागत नाही. का नसतं, ते सांगावं लागतं.

कायद्याचा प्रश्न कधी येतो?

मोठ्या माणसाने स्वतःपुरतं असं मासिक घरात ठेवणं हा गुन्हा नाही. विकणं, वाटणं, त्यासाठी बाळगणं हा विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 मध्ये येतो, आणि 18 वर्षांखालच्या मुलाला तसं साहित्य विकणं किंवा देणं कलम 295 मध्ये. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे.

पण दोन ठिकाणी "घरातली बाब" म्हणून गप्प बसू नका. कुणी मोठं माणूस, मग ते घरातलं का असेना, मुलाला मुद्दाम अश्लील काही दाखवत असेल, तर तो पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम 11 खाली लैंगिक छळ ठरू शकतो आणि त्याला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चुकून टीपॉयवर राहिलेलं मासिक आणि मुलाला जवळ बसवून दाखवलेलं पान यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. आणि 18 वर्षांखालच्या मुलांची लैंगिक चित्रं शोधणं, उतरवून घेणं, साठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे. तिथे नवरा-बायकोचे मतभेद वगैरे काही उरत नाही. 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. फोन मोठ्यांनाही करता येतो.

बोलायला बसलो की भांडणच होतं. कसं बसायचं?

मासिक हातात घेऊन बसू नका. ज्या दिवशी भांडण झालं त्या दिवशी बसू नका. मुलं क्लासला गेलेली असताना, चहा घेऊन, आणि बोलण्याचा विषय आधी सांगून बसा. पहिल्यांदा ज्याला खटकतं त्याने बोलावं आणि दुसऱ्याने फक्त ऐकावं, मग उलट. मध्येच "पण तू सुद्धा" आलं की थांबा. फोटो बरा की वाईट यावर गाडी गेली की परत जागेच्या प्रश्नावर आणा: हॉलमध्ये काय, खोलीत काय, मुलांनी विचारलं तर कोण बोलणार. ठरलेलं मुलांसमोर मोडायचं नाही, आणि एकाने मोडलं तर दुसऱ्याने ते मुलांसमोर दाखवून द्यायचं नाही.

काही घरांत एवढ्याने भागत नाही. एक जण रात्र रात्र त्यातच असतो, पैसे जातात, जवळ येणं थांबतं; किंवा दुसऱ्याला नवऱ्याने पेपरमधली साडीची जाहिरात पाहिलेलीही चालत नाही आणि रोज झडती होते. दोन्ही ठिकाणी विवाह समुपदेशकाकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. जोडीदार तयार नसेल तर तुम्ही एकटे जा. थांबून राहू नका.

मुलं मोठी होतील तसा नियम बदलायचा का?

हो, दर एक-दोन वर्षांनी. दहावीतल्या मुलाला तुमच्याइतकंच सगळं ठाऊक असतं, आणि त्यालाही स्वतःचा कप्पा हवा असतो. त्याच्या कपाटाची परस्पर झडती घेणं त्या वेळी बंद करा. हॉलचा नियम मात्र त्यालाही लागू, आणि त्याची धाकटी बहीण दुसरीत असेल तर तो तिच्यासाठी आहे हे त्याला विश्वासात घेऊन सांगा. बहुतेक मोठी भावंडं हे काम आई-वडिलांपेक्षा चोख करतात.